पळत आणलेलं नाव

“याया, तुझ्या बापानं तुला कुणाला थांबवायला ठेवलं होतं गं?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणीचा, आस्पासियाचा होता, आणि ‘तुझ्यात विचारायची हिंमतच नाही’ असं म्हणून दुसरीनं, लियानं, त्याला वरून फोडणी दिली होती. पण यायाच्या बैठकीत अकरा पाहुणे बसलेले असताना, आंबट चेरीच्या मुरांब्याचे चमचे तोंडाशी नेता नेता सगळे थबकले, तेव्हा तो माझ्याच आवाजात हवेत लटकत होता. तारीख तीन फेब्रुवारी. याया म्हणजे माझ्या बाबाची आई. तिचं नाव स्तामातिया, माझंही नाव स्तामातिया, आणि आज आमच्या संताचा दिवस, म्हणजे दोघींचाही. सकाळपासून दाराची बेल वाजत होती, मिठाईची खोकी येत होती, लोक आधी तिच्या आणि मग माझ्या गालांचे मुके घेऊन ‘खूप वर्षं जग’ म्हणत होते. यायाच्या हातात पाण्याच्या पेल्यांचं तबक होतं. ती म्हणाली, “पाणी घे आधी. घशात बसेल.” आणि तबक तसंच घेऊन स्वयंपाकघरात गेली. पाणी कुणालाच मिळालं नाही.

खरं तर मला नुसतं हसवायचं होतं. गेल्या सप्टेंबरपासून मला लोकांना हसवता येतं. त्याआधी मी पाववाल्याकडे पाव मागतानासुद्धा कानापर्यंत लाल व्हायचे. मग शाळेच्या पंधरा विद्यार्थ्यांच्या मंडळावर निवडून आले, माइकपुढे उभी राहिले, एक वाक्य बोलले, सगळं अंगण हसलं, आणि त्या दिवसापासून माझ्या आत कुणीतरी खिडकी उघडीच ठेवून दिलीय. जे मनात येतं ते बाहेर. भाषेच्या बाईंनी सांगितलं होतं, आपापल्या नावाचं मूळ शोधा आणि ते घरात कुणाकुणाचं होतं तेही लिहून आणा. आम्ही तिघी क्लास सुटल्यावर समुद्राकाठच्या बाकावर बसलो होतो, पाय कठड्यावर, हातात तीळ लावलेल्या पावाच्या कड्या. आस्पासिया म्हणजे हवीहवीशी, जिचं स्वागत होतं ती. हे फोनवर वाचल्यावर तिनं केसच उडवले. लियाचं खरं नाव गारुफालिया, ते फुलाचं. मग आस्पासियानं माझं वाचलं आणि मध्येच थांबली, आणि थांबली म्हणूनच मला कळलं की काहीतरी आहे. “अगं, हे तर ‘थांब’वरून आलंय. ऐक. घरात पाठोपाठ मुली व्हायला लागल्या की शेवटचीला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढची मुलगी येत नाही. किंवा लेकरं दगावत असली तर मरण थांबावं म्हणून.” लिया ओरडली, “म्हणजे तू चौकातली लाल पाटी आहेस! तुझ्यापुढे सगळ्या मुलींनी ब्रेक मारायचा!” सगळ्यात जोरात मीच हसले. हसता हसता तिळाचा दाणा नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी तिळानं आलं की कशानं हे मी त्या वेळी बघितलं नाही. सोळा वर्षं मी या नावाला ओ देत होते. शाळेत मातिना, घरी मातूला, यायाच्या तोंडी पूर्ण स्तामातिया. मला ते जड चांदीच्या चमच्यासारखं वाटायचं, यायाकडून आलेलं. चमच्यावर काय कोरलंय ते कोण वाचतं?

“कुणाला म्हणजे? पोरींना!” झीसिसकाका मोठ्यानं हसला, आणि बैठकीतले सगळे सुटल्यासारखे हसले. काका बाल्कनीच्या दाराजवळच्या खुर्चीत होता; त्याला दुसरी कुठली खुर्ची पुरत नाही. बंदरावरची क्रेन चालवतो तो. “चार बहिणी होत्या हिच्या वरती. पाचवी ही. बापानं म्हटलं, बास! आणि थांबल्या की नाही? हिच्या पाठीवर लगेच मामा आला, मिशीसकट!” पुन्हा हसू. “नाव म्हणजे शोभेची वस्तू नसते, पोरी. नाव काम करतं. मला बघ.” मला माहीत होतं तो काय सांगणार. काकाच्या आधीची दोन बाळं चाळीस दिवससुद्धा टिकली नव्हती, म्हणून यायानं याचं नाव ‘जगो’ असं ठेवलं. झीसिस. तो छातीवर हात मारून म्हणाला, “एकशेदहा किलो जगलोय!” आणि मग तसाच हसत, माझ्याकडे चमचा रोखून: “रविवारी तूही तेवढंच कर. माझ्या तिसरीला तुमचं नाव देताना आवाज मोठा काढ म्हणजे झालं. म्हणून तर ते नाव राखून ठेवलंय आम्ही. पहिल्या दोघींवर कशाला घालवायचं?” कुणीतरी म्हणालं, “पुढच्या वर्षी मुलगा!” आणि पेले नसल्यामुळे लोकांनी चमचेच उंचावले.

रविवारी काकाच्या तिसऱ्या मुलीचा बाप्तिस्मा होता आणि मी तिची धर्ममाता होणार होते. सोळाव्या वर्षी! हे मी निदान चाळीस जणांना सांगून झालं होतं. माझ्या पलंगाखाली पांढरा खोका होता, त्यात तिचा झगा, मेणबत्ती, टॉवेल, सोन्याचा एवढासा क्रॉस आणि तेलाची बाटली. ते सगळं धर्ममाता आणते, तिच्याशिवाय पाद्रीबुवा पाण्याला हातही लावत नाहीत. सैतानावर तीनदा थुंकायचं असतं, त्याचा मी आरशासमोर सराव केला होता. आणि मग ते विचारतात, “नाव?” तेव्हा आईबाप गप्प असतात, नाव धर्ममाता सांगते. तोपर्यंत मुलीला नावच नसतं. पाच महिन्यांची झाली तरी सगळे तिला ‘बाळी’ म्हणतात, जन्मनोंदणीतसुद्धा अजून नावाची जागा कोरी आहे. मी जो शब्द उच्चारीन तो घेऊन पाद्रीबुवा तिला तीनदा पाण्यात बुडवणार, आणि तिसऱ्यांदा ती वर येईल ती त्या नावाची. ते मागे घेता येत नाही. यायाच्या डोंगरावरच्या गावात एका धर्मपित्यानं ठरलेलं नाव गाळून ऐनवेळी स्वतःच्या आईचं नाव सांगून टाकलं होतं. मुलीचा बाप त्याच्याशी अकरा वर्षं बोलला नाही, पण मुलगी त्याच नावाची राहिली, त्याच नावानं लग्न झालं, त्याच नावानं तिच्या कबरीवर दगड बसला. ही गोष्ट ऐकताना मी नेहमी त्या धर्मपित्याला हसायचे. आता काका चमचा रोखून हसत होता आणि मी बशीतला मुरांबा चमच्यानं ढवळत बसले होते. मला काय वाटलं होतं? की यायाचं नाव पुढे न्यायचंय, तीन स्तामातिया एका घरात, केवढी गंमत. काकानं पहिलीला दोमनाकाकूच्या आईचं नाव दिलं, दुसरीला संताला बोललेल्या नवसाचं, तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं होतं की याया रागावणार. आमच्याकडे पहिली मुलगी म्हणजे बापाच्या आईचं नाव, याला कुणी काही विचारतसुद्धा नाही. ती रागावली नाही. मला तेव्हा तिच्या मोठेपणाचं केवढं कौतुक वाटलं होतं.

आणि मग, तिथंच, सोफ्याच्या कडेवर बसलेली असताना, मला माझी बहीण आठवली. एवान्थिया. आमच्या घरातली पहिली मुलगी. एवान्थिया हे आईच्या आईचं नाव. मला नेहमी सांगितलं होतं की ती जन्मली तेव्हा आईची आई आजारी होती, तिला बरं वाटावं म्हणून. ती अजून ठणठणीत आहे, रोज पोहायला जाते. मी बाबाकडे बघितलं. तो खोक्याच्या दोरीची गाठ सोडवत होता, जी सोडवायची काहीच गरज नव्हती. म्हणजे आमच्याकडेसुद्धा राखून ठेवलं होतं. दुसरीही मुलगीच निघाली आणि मग काढलं. आणि माझ्यानंतर मामाही आला नाही, मिशीही आली नाही. कुणीच आलं नाही. आणि तरी मी हसतच होते, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि हसवणारी मी होते.

पाणी आणते असं सांगून उठले. पॅसेजमध्ये कोटांचा ढीग पडलेल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आत दोमनाकाकू बाळीला दूध पाजत होती. काकू मोजकंच बोलते, काकासमोर तर त्याहून कमी. मी दार ढकलणार तेवढ्यात ती बाळीच्या कानाशी म्हणाली, “पी गं मीर्तो. पी माझी मीर्तो.” पाण्यात पडण्याआधी बाळाला नावानं हाक मारत नाहीत. मारलीच तर अंगावर वाईट येतं म्हणतात. मी या असल्या गोष्टींना हसते, पण दार ढकलायला उचललेला हात मी मागे घेतला. बाळी पिता पिता थांबली आणि वर बघायला लागली. ओ दिली तिनं! पाच महिने बंद दारामागे कुणीतरी तिला हे शिकवलं होतं. काकूला मी दिसले. तिचा चेहरा उतरला. कोटांच्या वासात, कापूर आणि ओल्या लोकरीच्या, मी आत शिरून दार लोटलं. “ऐकलंस?” “हो.” “काकाला...” “नाही.” ती बाळीच्या पायातला मोजा वर ओढत म्हणाली, “मीर्तो म्हणून आमच्यात कुणीच नाही. माझ्या बाजूनं नाही, त्याच्या बाजूनं नाही. म्हणून मला आवडतं. तिला कुणाच्या मागे चालायला नको, कुणाच्या पुढे उभं राहायला नको.” मग एकदम घाबरून, “हे असंच बोलले हं मी. तू ठरलंय तेच म्हण, बाळा. घरात भांडण नको.” मी म्हणाले, “काकू, मी मंडळावर निवडून आलेय.” काय बोलायचं ते न कळून मी हे बोलले! ती हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्त काळी दिसली. तिसरं बाळ सिझेरियननं झालं होतं. आणि बाहेर ‘पुढच्या वर्षी’ चालू होतं.

स्वयंपाकघरात याया नळाखाली पेले धूत होती. स्वच्छ पेले. मी तिच्याशेजारी उभी राहून पुसायला घेतले. यायाच्या आणि माझ्या हातांची नखं सारखी आहेत, रुंद, अंगठ्याचं जरा वाकडं. लहानपणी मला वाटायचं की एकच नाव असल्यामुळे तसं झालंय. मग याया पाण्याच्या आवाजातच बोलायला लागली, जणू मला सांगत नव्हती. “आमच्या वेळी आया देवळात जात नसत. बाळंतीण घरी बसायची. नाव काय ठेवलं ते तिलाही ठाऊक नसायचं. धर्मपित्यानं शब्द उच्चारला की देवळातली पोरं सुटायची, जो आधी घरी पोचेल त्याला ती आई मूठभर सुके अंजीर द्यायची. माझं नाव घेऊन माझी थोरली बहीण पळत आली. नऊ वर्षांची. सगळ्या पोरांना मागे टाकून. तिला वाटलं, आई खूश होईल. दारातूनच ओरडली, स्तामातिया! आई पीठ मळत होती. तिनं अंजीर दिले. पीठ लागलेल्या हातानंच दिले. आणि पुन्हा मळायला लागली.” यायानं नळ बंद केला. “बहीण म्हातारी होईपर्यंत सांगायची मला, ते अंजीर मला गेलेच नाहीत घशाखाली. ती चार अक्षरं तिनं तोंडात धरून आणली होती, पळत. तिला काय माहीत आपण काय आणतोय?”

“आणि तुला? तुला कसं वाटायचं?” मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझा होता.

“मला?” ती म्हणाली. “भाऊ झाला ना माझ्या पाठीवर. मग माझे लाडच झाले. हिनं आणला म्हणायचे. नवी चप्पल आधी मला. चार बहिणी बघत बसायच्या.” पेला उजेडाकडे धरून तिनं बघितला. “लाड झाले म्हणून मी कधी कुणाला विचारलं नाही. तू विचारलंस ते बरं केलंस की वाईट, मला कळत नाही. पण पाहुण्यांसमोर विचारायचं नसतं गं, गाढवे.” आणि तिनं ओल्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. मग पुढचा पेला उचलून: “झीसिसला मी ‘माझं नाव ठेव राखून’ म्हटलं होतं. माझा भरवसा होता त्याच्या नावावर, दोन गेली होती माझी. नाव काम करतं असं मला वाटायचंच.” “आता?” “आता पाय दुखतात,” याया म्हणाली.

बुधवारी मी आईला माझ्या नावाचं विचारलं. मला घाई होती, मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि आधी बाबा ठरला होता. आई संत्री सोलत होती. तिनं साल एका लांब पट्टीत काढत काढत म्हटलं, “तुझ्या बाबाला कशाला धरतेस? ते नाव मी काढलं. मला दोन पुरे होत्या. पण दोन मुलींवर पुरे म्हणते असं या घरात बोलायची सोय नव्हती. जो येईल तो माझ्या पोटाकडे बघून बोलायचा. सासूबाईंचं नाव दिलं, सगळे खूश झाले, म्हणाले आता बघा कसा मुलगा येतो ते. मी म्हटलं, बघू या. दरवर्षी बघू या म्हणत गेले. नावावर भरवसा ठेवून बसले बिचारे.” ती हसली. मला हसायला आलं नाही. म्हणजे मी, कुणी आत येऊ नये म्हणून दाराला लावलेली खुर्ची होते, आणि त्या खुर्चीमागे आई सोळा वर्षं शांतपणे संत्री सोलत बसली होती. मला राग यायला हवा होता. आला होताही, पण तो कुणाजवळ ठेवावा ते कळत नव्हतं. आईनं संत्र्याची फोड माझ्या तोंडात घातली. गोड होती. मी म्हणाले, “आणि दोमनाकाकूनं कुणाला लावायचं दाराला?” आई म्हणाली, “तिचं ती बघेल. तू रविवारी नीट उभी राहा, नवे बूट घाल, आणि तुझ्या त्या मैत्रिणींना म्हणावं देवळात खिदळू नका.”

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या जिभेवर बसला. शाळेत जाताना, रस्ता ओलांडताना, त्रिकोणमितीच्या तासाला. स्तामातिया. मी तो हळू म्हणून बघायचे आणि मला देवळातलं पाणी दिसायचं, कोमट, वर तेलाचा तवंग, आणि त्यात ती पाच महिन्यांची, रडून लाल झालेली, आणि तिच्या आईचा चेहरा. मग दुसरा शब्द म्हणून बघायचे. मीर्तो. तोंडात जागाच घेत नाही तो, हिरव्या पानासारखा चावला जातो. आणि लगेच काका दिसायचा. तो वाईट नाही हो. हीच खरी अडचण. माझी सायकल तीनदा त्यानं दुरुस्त केलीय, पोरींना खांद्यावर बसवून बोटी दाखवतो. तो खरंच मानतो की एका शब्दानं त्याला मरणाच्या हातातून ओढून आणलं. त्याच्या शब्दाला खोटं पाडायचं म्हणजे त्याच्या जगण्यालाच खोटं पाडल्यासारखं नाही का? आस्पासियानं विचारलं, “मग, विचारलंस का यायाला?” मी म्हटलं, “विचारलं.” “मग? काय झालं?” मला काहीतरी गंमतशीर सांगायचं होतं. त्या दोघी हसायला तयार होऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, “अंजीर मिळाले.” आणि दप्तर उचलून निघाले. लिया मागून ओरडली, “नाव बदलून घे गं! कायद्यानं येतं बदलता!” वळून मी म्हणाले, “माझं नाव चांगलं आहे,” आणि ते खरं आहे असं बोलल्यानंतर लक्षात आलं. माझ्या नावात नवी चप्पल आहे, पीठ लागलेला हात आहे, आईची संत्री आहेत. मी ते ऐकून घेतलंय, मला ते पेलतं. पण ती पाच महिन्यांची आहे.

घरी जायच्या आधी मी यायाकडे गेले. पाच मिनिटं. पायाला मलम चोळत बसली होती. मी सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं, की रविवारी घरी बसून मीर्तो या नावाची वाट बघशील का. तिनं मलमाच्या डबीचं झाकण तीन वेळा फिरवलं. मग म्हणाली, “मीर्तो? आपल्यात कोण मीर्तो?” “कुणीच नाही.” “हं,” याया म्हणाली. “अंजीर आहेत का बघ कपाटात. नाहीतर उद्या आणायला हवेत.”

शुक्रवारी दुपारी जेवायला मसुराचं सूप होतं. बाबा पाव तोडत होता. आईनं ऑलिव्हची वाटी मध्ये सरकवली आणि म्हणाली की पाद्रीबुवांचा फोन आला होता, साडेअकराला पोचायचंय, नाव नक्की करून चिठ्ठीवर लिहून द्या म्हणाले, म्हणजे ऐनवेळी घोटाळा नको. बाबानं खिशातून पेन काढलं. कागदी रुमाल ओढून घेतला. ‘स्’ लिहिला आणि पेन उमटेना म्हणून झटकलं. मी चमचा खाली ठेवला. कान लाल झाले होते, पाववाल्याकडे व्हायचे तसे, आणि या खेपेला मी ते होऊ दिले.

“बाबा, लिहू नकोस. ऐका दोघंही. रविवारी मी उभी राहणार, थुंकणार, सगळं पाठ केलंय ते म्हणणार, आणि पाद्रीबुवांनी विचारलं की मी मीर्तो म्हणणार. हे काकूचं डोकं नाही, माझं आहे. काकाला काय ओरडायचं ते मला ओरडू दे, सायकलपण परत देईन हवं तर. त्याला आज संध्याकाळी बंदरावर जाऊन मीच सांगणार आहे, म्हणजे त्याला देवळात पहिल्यांदा ऐकावं लागणार नाही. दुसरी धर्ममाता शोधायची तर शोधू दे, पण खोका माझ्या पलंगाखाली आहे आणि तेलाची बाटली मी लपवलीय. आणि याया रविवारी देवळात येणार नाही. ती घरीच बसणार आहे, तिनं हो म्हटलंय. बाळी पाण्यातून बाहेर आली, तिला झगाबिगा घालून काकूच्या हातात दिली, की मी पळत सुटणार, नव्या बुटांसकट, आणि ते नाव यायाच्या दारात जाऊन मी ओरडणार. फोटोसाठी थांबणार नाही मी. फोटो तुमचे तुम्ही काढून घ्या.”